आधी घर, मागून पाणी: भंडाऱ्याभोवतीच्या गावांचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यात माणसे फार वाढली आणि म्हणून गावे अपुरी पडू लागली, असे सरसकट बोलले जाते. जनगणनेचे आकडे या समजुतीला साथ देत नाहीत. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ३६ हजार होती, २०११ साली ती १२ लाख झाली. दहा वर्षांत साडेपाच टक्क्यांहून किंचित जास्त वाढ. त्याच दशकात राज्याची वाढ १६ टक्के होती. जिल्हा सावकाशच वाढतो आहे. झपाट्याने वाढली ती शहरांच्या कडेची गावे. भंडारा शहराला खेटून असलेली गणेशपूर, खोकरला, भोजापूर, बेला. रेल्वे स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना असलेले वरठी. आयुधनिर्माणीच्या शेजारचा जवाहरनगर-ठाणा पट्टा. आणि तालुक्याच्या ठिकाणांना लागून असलेली खेडी. इथे पावसाळा सरला की कुठल्या तरी धानाच्या बांधीवर मुरूम पडतो, चुन्याच्या रेघा ओढल्या जातात आणि लेआऊटची पाटी उभी राहते.

या प्लॉटांवर घरे बांधणारे कोण? बहुतेक याच जिल्ह्यातले. लाखांदूर-पवनीकडचा शिक्षक, निवृत्त पोलीस, एसटीचा वाहक, जिल्हा परिषदेतला लिपिक, मुलांच्या शिक्षणासाठी चार एकर बटईने देऊन आलेला शेतकरी. शाळा, दवाखाना, कचेरी, शिकवणीवर्ग सगळे जिल्ह्याच्या ठिकाणी. २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच सुरू झाले. शहरात प्लॉट परवडत नाही, म्हणून हद्दीबाहेर दोन किलोमीटरवर घर. त्यासाठी भविष्य निर्वाह निधी काढलेला असतो, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर असते. म्हणून या प्रश्नाची मांडणी ‘गाववाले विरुद्ध लेआऊटवाले’ अशी करणे मला मान्य नाही. दोघांचीही तक्रार खरी आहे आणि दोघांनाही अडचणीत टाकणारे कारण एकच आहे: घर उभारण्याची परवानगी एका कचेरीतून मिळते, त्या घराचा भार दुसऱ्याच संस्थेवर पडतो, आणि भार उचलणाऱ्या संस्थेला ‘तुम्हाला झेपेल का?’ असे आधी कोणी विचारत नाही.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण मार्च लागला की ग्रामसभेत पहिला विषय तोच असतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटर असा आहे. पाच माणसांची दोनशे घरे गावाच्या कडेला उभी राहिली, तर या निकषानेच दिवसाला ५५ हजार लिटर पाणी वाढीव लागते. प्रत्यक्षात ते त्याहून बरेच जास्त लागते. नव्या घरात गच्चीवर टाकी, आत दोन न्हाणीघरे, अंगणात झाडे असतात. आणि उन्हाळ्यात कूलर. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा घरोघरचे कूलर दिवसभर पाणी पितात. नळयोजनेच्या हिशेबात कूलर धरलेला नसतो. टाकी जुनीच, विहीर जुनीच, पाइप त्या वेळच्या घरसंख्येनुसार टाकलेला. मग दोन तासांचा नळ पाऊण तासावर येतो. ज्याला जमते तो नळाला टिल्लू पंप लावतो आणि पाइपच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात नुसती हवा येते. ते शेवटचे घर बहुतेकदा जुन्या टोलीतले असते. टिल्लू पंप जप्त करण्याचे ठराव होतात, दोन-चार पंप उचललेही जातात. पण मुळात पाणीच कमी असताना शेजाऱ्यानेच शेजाऱ्यावर पाळत ठेवायची हा उपाय गावाला आतून पोखरतो.

नळ पुरत नाही म्हणून बोअर. जिल्ह्याचा मोठा भाग कठीण, जुन्या खडकाचा. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जेवढे पाणी मुरेल तेवढेच हाती. अशा जमिनीत दीड हजार चौरस फुटांच्या प्रत्येक प्लॉटवर एक बोअर आणि त्याच प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात सेप्टिक टँक, ही आता नेहमीची रचना झाली आहे. प्लॉट लहान, म्हणून शेजाऱ्याचा टँक आपल्या बोअरजवळ आणि आपला शेजाऱ्याच्या. गटारयोजना नाही. टँक भरला की उपसणारी गाडी येते आणि मैला कुठल्या तरी नाल्याकाठी किंवा पडीत जागेत रिकामा होतो. पाण्याची टंचाई डोळ्यांना दिसते, त्यावर मोर्चा निघतो. जमिनीखाली चाललेली ही मिसळ दिसत नाही, म्हणून तिच्यावर कोणी बोलत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका इथेच आहे.

पुण्याच्या कडेला तो धोका दिसून चुकला आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमची साथ उद्भवली आणि संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. तपासात बोट दूषित पाण्याकडे गेले. नांदेडच्या ज्या विहिरीतून या वस्त्यांना पाणी जात होते ती चर्चेत आली. त्यातली नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली होती. म्हणजे इमारती आधी आल्या, महापालिका नंतर आली आणि शुद्धीकरणाची व्यवस्था त्याही नंतर. भंडारा पुण्याएवढा मोठा नाही, पण क्रम तोच आहे आणि इथे तो अजून उलटवता येतो.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी आणि खास या धानपट्ट्याची आहे. इथले शेत म्हणजे उताराने एकाखाली एक रचलेल्या बांध्या. वरच्या बांधीतले जास्तीचे पाणी धुऱ्यातल्या मुहाणीतून खालच्या बांधीत उतरते, तिथून पुढच्या, आणि शेवटी बोडीत, तलावात किंवा नाल्यात जाते. कागदावर या वाटेची नोंद नसते. पिढ्यान्‌पिढ्या ती पाळली जाते एवढेच. मधल्या दोन एकरांवर लेआऊट पडले, चार फूट मुरमाची भरती झाली की ही वाट बुजते. वरच्या शेतकऱ्याची बांधी तुंबते आणि रोवणी झालेले धान सडते. खालच्याला पाणी मिळत नाही. लेआऊटच्या रस्त्यांवरून वाहिलेले पाणी उतार सापडेल तिकडे, म्हणजे पुष्कळदा जुन्या गावठाणातल्या घरांत शिरते. ‘चाळीस वर्षं आमच्या घरात पाणी नाही आलं जी, आता दरसाली येते,’ हे वाक्य या पट्ट्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत ऐकायला मिळेल. ज्याने प्लॉट विकले तो तोवर दुसऱ्या गावात गेलेला असतो.

तलावांचेही असेच. भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारीच्या काळात वाढले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली तेव्हा सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा तलाव’ म्हणून राहिले. तलाव टिकतो तो पाळीमुळे जेवढा, तेवढाच येव्यामुळे, म्हणजे त्यात येऊन मिळणाऱ्या पाण्यामुळे. पाळीला कोणी हात लावला तर गाव उठते. पण वरच्या रानातून येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर घरे झाली तर ओरड होत नाही, कारण ती खाजगी मालकीची जमीन असते. तीन-चार वर्षांनी तलाव भरेनासा होतो, ढिवरांची मासेमारी बसते, मग ‘कोरडाच तर आहे’ म्हणून तलावाच्याच पोटात अतिक्रमण होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावतळे बुजवून बांधलेली घरे नियमित करायला नकार दिला आणि गावाची सामायिक जमीन सोडवण्यासाठी सगळ्या राज्यांना योजना आखायला सांगितले. महाराष्ट्राने त्याच वर्षी १२ जुलैला शासन निर्णय काढला. त्याने गायरान आणि तलावाच्या जागेला संरक्षण मिळाले. येव्याला मिळाले नाही.

नदीकाठची गावे यात दुहेरी सापडली आहेत. २९-३० ऑगस्ट २०२० रोजी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेले पाणी आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस एकत्र येऊन वैनगंगेने पात्र सोडले; गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरासह गणेशपूर, कारधा भागातल्या वस्त्यांत पाणी शिरले. नियमाप्रमाणे निळ्या पूररेषेच्या आतले क्षेत्र निषिद्ध आणि निळ्या-लाल रेषांमधले नियंत्रित. पण प्लॉट घेणाऱ्याला सात-बारा दाखवतात, रेषेचा नकाशा कोणी दाखवत नाही. शिवाय वैनगंगेचे पाणी तरी पूर्वीचे कुठे राहिले आहे? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत येते आणि गोसेखुर्दच्या फुगवट्यात साचून राहते. शेजारच्या महानगराचा मैला शुद्ध करण्यासाठी भंडाऱ्याने वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्याच भंडाऱ्याभोवतीच्या गावांनी आपली गटारे नाल्यांवाटे पुन्हा त्याच नदीत सोडावीत, हे दुःखद आहे.

आता कायद्याकडे. गावठाणातल्या बांधकामावर ग्रामपंचायतीचा अधिकार चालतो. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर लेआऊट पाडायचे तर नगररचना विभागाचा अभिप्राय आणि महसूल खात्याची परवानगी. ग्रामपंचायतीचा भाग ना-हरकत दाखल्यापुरता. गेल्या दशकात ही प्रक्रिया एकेक पायरीने सोपी होत गेली. जमीन महसूल संहितेत ४२-ड हे कलम आले, त्यामुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन निवासी वापरासाठी अकृषक झाल्याचे मानले जाते. २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी परवानगीची अट शिथिल झाली. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये त्यातले प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठ्यांवर आणले गेले, आणि २०२५ मध्ये एक-दोन गुंठ्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याचा निर्णय जाहीर झाला. सामान्य माणसाची तलाठी-तहसील वारी यामुळे वाचली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. एका घरासाठी वर्षभर खेटे घालणाऱ्यांचे हाल खरे होते. पण प्रत्येक सवलतीत जमीन मोकळी झाली आणि तिच्यावरच्या घराला पाणी, नाली, रस्ता कोण देणार हा प्रश्न तिथेच राहिला. नियमित करणे म्हणजे सात-बारावर नाव लागणे. नळ त्याने येत नाही.

२०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत एक चांगली तरतूद आहे: ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास ४० गुंठे, किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडायची. त्या मर्यादेखाली तुकडे पाडले की ही अट लागू होत नाही. जिथे जागा सुटते तिथेही ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात रीतसर आलेली नसते, मग काही वर्षांनी तिच्यावरही प्लॉट निघतो. रस्ते-नाल्यांचेही तसेच. लेआऊट मालकाने ती पक्की करून ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करायची असतात. हस्तांतरण झाले नाही तर ग्रामपंचायत म्हणते, ‘हे आमचे नाही’. लेआऊटवाले म्हणतात, ‘आम्ही घरकर भरतो’. दोन्ही खरे. नमुना ८ वर घराची नोंद झाली आणि कराची पावती मिळाली की बांधकाम अधिकृत झाले, असा समज फार पसरला आहे. कर आकारणीने बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हे प्लॉट घेण्याआधी सांगणारा कोणी भेटत नाही.

पैशाचे गणित तर ग्रामपंचायतीच्या पूर्ण विरोधात जाते. वित्त आयोगाचा निधी, स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातली घनकचरा आणि सांडपाण्याची तरतूद, सगळे मुख्यतः लोकसंख्येवर. आणि ती लोकसंख्या २०११ ची. पाच हजारांपर्यंतच्या गावाला या मिशनमधून घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले आहेत. २०११ नंतर आलेल्या माणसांचा कचरा रोज उचलायचा, पण पैसे त्यांच्याआधीच्या गावाचे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत आहे. सोळा वर्षांची वाढ सरकारी हिशेबाबाहेर राहिली. आशाताईंचा तोच अनुभव: हजार लोकसंख्येमागे एक आशा हा निकष, पण लेआऊटमधली घरे जुन्या यादीत नसतात आणि पायी फिरायचे अंतर तेवढे वाढते.

शाळेचे चित्र मात्र उलटे आहे, हे नोंदवायला हवे. नव्या वस्तीने जिल्हा परिषदेच्या शाळेवर ताण आलेला नाही. पटसंख्या बहुतेक ठिकाणी घटतेच आहे, कारण नव्या घरांतली मुले शहरातल्या इंग्रजी शाळांत जातात. ताण येतो तो सकाळी सातला गावच्या अरुंद रस्त्यावर, स्कूलव्हॅन आणि बैलगाड्या समोरासमोर येतात तेव्हा.

मागे वळून पाहिले तर या जिल्ह्याने नव्या वस्त्या तीन प्रकारे वसताना पाहिल्या आहेत. पहिली साठच्या दशकातली आयुधनिर्माणीची वसाहत: कारखान्याने कामगारांसाठी क्वार्टर बांधले, त्यासोबत पाणी, शाळा, दवाखाना दिला. दुसरी गोसेखुर्दच्या विस्थापितांची नवी गावठाणे. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या या धरणाने भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावे बाधित झाली. पुनर्वसित गावाला अठरा नागरी सुविधा देणे सरकारवर बंधनकारक ठरले: पाणी, अंतर्गत रस्ते, गटार, शाळा, समाजमंदिर, स्मशानभूमी वगैरे. त्या सुविधा वेळेवर आल्या नाहीत, आल्या तिथे निकृष्ट आल्या, आणि त्यासाठी प्रकल्पग्रस्तांना वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरावे लागले. तरीही त्यांच्या हातात एक यादी होती. कोणती गोष्ट मिळाली नाही हे बोट ठेवून दाखवता येत होते. तिसरी वस्ती खाजगी लेआऊटची, आणि तिच्यापाशी अशी यादीच नाही. धरणासाठी उठवलेल्या गावाला जे द्यायला हवे असे आपण मान्य केले, ते स्वतःच्या पैशाने घर बांधणाऱ्या माणसाला आणि त्याला सामावून घेणाऱ्या गावाला लागू करायला काय हरकत आहे? त्या यादीतल्या पाच गोष्टी जरी लेआऊट मंजुरीच्या अटी झाल्या, पाण्याचा स्रोत, पावसाच्या पाण्याची वाट, मैल्याची व्यवस्था, पक्का रस्ता आणि मोकळ्या जागेचे हस्तांतरण, तरी अर्धी भांडणे मिटतील.

इतर देशांनी हे केलेले आहे. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कायदा केला की पाचशेहून अधिक घरांच्या वसाहतीला वीस वर्षे पुरेल एवढे पाणी असल्याची खातरी झाल्याशिवाय मंजुरी नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजन कायद्याच्या कलम १०६ खाली विकासकाकडून शाळा-रस्त्यांसाठी वाटा घेतला जातो. आणि स्कॉटलंडमधल्या १९८० च्या दशकातल्या एका निकालापासून अशी अटही घालता येते की अमुक रस्ता होईपर्यंत काम सुरू करायचे नाही किंवा घरात राहायला जायचे नाही. आपल्याकडे विकासशुल्क घेतले जाते, पण ते ज्या गावात घर झाले त्याच गावाच्या टाकीवर खर्च होईल याची शाश्वती नाही.

यावर सगळ्यांत सोपा म्हणून सुचवला जाणारा उपाय हद्दवाढीचा: कडेची गावे शहरात घ्या. लेआऊटमधल्या पुष्कळांना तो हवा असतो, जुन्या गावाला नको असतो. घरकर वाढेल, रोजगार हमीची कामे बंद होतील, सरपंचपद आणि ग्रामसभा जाईल, ही गावकऱ्यांची भीती निराधार नाही. याच जिल्ह्यात २०१५-१६ च्या सुमारास मोहाडी, लाखनी, लाखांदूर नगर पंचायती झाल्या आणि साकोली सेंदुरवाफ्यासह नगर परिषद झाली. नाव बदलल्याने पाणी वाढत नाही. आधी योजना, मग विलीनीकरण असा क्रम असेल तरच त्याला अर्थ. नागपूरकडे पाहावे: तिथल्या ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआऊटचे प्रश्न २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतरही दशकानुदशके चालू राहिले, आणि २०२१ मध्ये त्या कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी पुढे सरकवावी लागली. एकदा घरे उभी राहिली की पाइप आणि गटार घालणे कितीतरी पटीने महाग पडते, कारण खोदायला रस्ताच उरलेला नसतो.

भंडाऱ्याला अजून वेळ आहे, पण फार नाही. नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाची आखणी या जिल्ह्यातून जाते आणि अशा रस्त्याच्या तोंडाशी लेआऊटच्या पाट्या रस्त्याआधी पोचतात. ग्रामसभेला आजच्या कायद्यातही तीन कामे करता येतील. गावात मंजूर आणि नामंजूर सगळ्या लेआऊटची यादी नगररचना आणि तहसील कार्यालयातून मागवून चावडीवर लावणे. प्रत्येक लेआऊटच्या मोकळ्या जागेचा आणि रस्त्यांचा सात-बारा काढून तो कोणाच्या नावावर आहे ते पाहणे, आणि ग्रामपंचायतीच्या नावावर नसेल तर हस्तांतरणाची लेखी मागणी करणे. आणि नवा ना-हरकत दाखला देताना गावच्या विहिरीची, टाकीची क्षमता आणि आजची घरसंख्या त्यात आकड्यांनी लिहिणे. ‘हरकत नाही’ एवढ्या दोन शब्दांचा दाखला देणे ग्रामपंचायतींनी थांबवावे. किती घरांपर्यंत हरकत नाही, आणि त्यापुढच्या घरांसाठी पाणी कोण आणणार, हे त्याच कागदावर असले पाहिजे. ही यादी करताना लेआऊटमधल्या दोन आणि गावठाणातल्या दोन माणसांनी बरोबर बसावे, कारण कागद कसे मागवायचे हे एकाला माहीत असते आणि पाणी कोणत्या धुऱ्यावरून वाहायचे हे दुसऱ्याला.